माडीवरचं वायफाय: कंपनीचा राउटर, आपला ॲक्सेस पॉइंट आणि मधला घोळ

कंपनीनं बसवलेला फायबरचा राउटर खाली आणि आपण विकत घेतलेला ॲक्सेस पॉइंट (केबलनं आलेलं नेट वायफायनं पसरवणारा डबा) वर, अशी मांडणी आता सोलापुरातल्या बऱ्याच घरांत दिसते. त्यातलं काही बिघडलं की कंपनी म्हणते डबा तुमचा आहे, दुकानदार म्हणतो लाईन कंपनीची आहे, आणि आपल्याला कुणाला धरावं ते कळत नाही. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत आमच्या घरी हेच चाललं होतं. आता सगळं नीट आहे, म्हणून आठवतंय तोवर क्रमानं लिहून ठेवते. मी काही कॉम्प्युटरवाली नाही. घरून चादर-टॉवेलच्या छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्न्स भरते. मला जमलं ते कुणालाही जमेल.

आमचं घर जुन्या पेठेतलं. खालचा भाग काळ्या दगडाचा, भिंती दीड-दोन फूट जाड, आणि वर नंतर बांधलेली स्लॅबची माडी. फायबर दर्शनी खोलीत येतं. माझं काम चालतं माडीवर, मागच्या खोलीत. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, पण अशा भिंतीपुढं तिचं काही चालत नाही. २.४ची पोचते, पण अगदी क्षीण. म्हणून काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलानं खालच्या राउटरपासून माडीपर्यंत केबल ओढून वर एक साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवून दिला होता. म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक मोबाईल-लॅपटॉपला आकड्यांचा पत्ता वाटण्याचं त्याचं काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, ते बंद केलं आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या भोकात, लावली. त्यानंतर त्याच्याकडं कुणी बघितलंही नव्हतं, इतकं ते सुरळीत चालत होतं.

२४ एप्रिलच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. वीज कडाडली, लाईट गेली, आणि परत आली तेव्हा कंपनीचा डबा गेला होता. एकही दिवा लागेना. माडीवरच्या डब्याला काही झालं नव्हतं. तक्रार नोंदवली, आणि २८ तारखेला कंपनीचा मुलगा नवा डबा घेऊन आला. बदली मोफत होती, पण कागद होता: जुन्या डब्याचा सिरीयल नंबर, नव्याचा नंबर, अडॅप्टर परत घेतला की नाही, माझी सही, आणि शेवटी मोबाईलवर येणारा ओटीपी. इथं दोन गोष्टी आवर्जून सांगते. ओटीपी देण्याआधी त्या कागदाचा फोटो काढून ठेवा, तो मला पुढं फार उपयोगी पडला. आणि अडॅप्टरवर लगेच चिठ्ठी चिकटवा. आमच्या कंपनीच्या डब्याचा अडॅप्टर १२ व्होल्टचा आहे आणि माडीवरच्याचा ९ व्होल्टचा, पण दोघांची पिन सारखीच. अदलाबदल झाली तर नवंच संकट.

त्याच रात्रीपासून माडीवर त्रास सुरू झाला. वायफायच्या काड्या पूर्ण, मोबाईल म्हणतो ‘कनेक्टेड’, आणि खाली बारीक अक्षरात ‘इंटरनेट नाही’. पाच-दहा मिनिटं सगळं झकास चालायचं, मग अचानक बंद. पोर्टलवर आकडे भरत असताना पान गोठायचं, ओटीपीची वेळ निघून जायची. खाली दर्शनी खोलीत परिस्थिती बरी होती, पण तिथंही सासऱ्यांचा पुण्यातल्या नातीशी चाललेला व्हिडिओ कॉल मधूनच अडकायचा. डबा बंद करून चालू केला की थोडा वेळ बरं वाटायचं आणि परत तेच.

मेच्या पहिल्या आठवड्यात कस्टमर केअरला फोन केले. दर वेळी आधी भाषा निवडा, मग खाते क्रमांक, मग वाट बघा. पलीकडची मुलगी नम्र होती. तिनं तिथूनच लाईन तपासली आणि म्हणाली, “मॅडम, आमच्याकडून सिग्नल व्यवस्थित दिसतोय.” तक्रारीचा डॉकेट नंबर एसएमएसनं आला. दुसऱ्या दिवशी दुसरा एसएमएस: तक्रारीचं निराकरण झालं आहे. घरी कुणी आलं नव्हतं, फोनही नव्हता. फार राग आला आणि त्याहून जास्त हतबल वाटलं, कारण ११ तारीख जवळ येत होती आणि एप्रिलचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, तोवर भरायचं होतं. व्यापाऱ्यांनी माझ्यावर सोडलेलं काम माझ्या वायफायमुळं अडणार, ही भावना झोपू देत नव्हती. पुन्हा फोन केला, पण या वेळी ‘नेट चालत नाही’ असं न म्हणता ‘अमुक डॉकेट नंबर प्रत्यक्ष न तपासता बंद केला आहे, तो पुन्हा उघडा आणि माणूस पाठवा’ असं सांगितलं. त्यानं फरक पडला. भेटीची वेळ मिळाली ६ तारखेची, सकाळी १० ते दुपारी १.

नेमका त्या दिवशी पाण्याची पाळी होती. सोलापूरकरांना सांगायला नको, नळाला पाणी आलं की घरातलं कुणी हलत नाही. पिंप भरता भरता मी त्या मुलाला वर-खाली दाखवत होते. त्यानं फायबरची पिन काढून मीटरला लावली. “काकू, लाईन एकदम ओके हाय की. मायनस एकवीस येतंय.” हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आणि घरोघरच्या फायबर जोडण्यांत ती साधारण उणे २७च्या खाली घसरली की डबा धडपडू लागतो. उणे २१ म्हणजे प्रकृती उत्तम. मग त्यानं डब्यातून माडीची केबल काढली, त्या जागी स्वतःचा लॅपटॉप लावला आणि स्पीड दाखवला. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, १९० आला. पंधरा मिनिटं त्यानं तसंच चालू ठेवलं, एकदाही तुटलं नाही.

“बघा, आमच्याकडून काय बी प्रॉब्लेम नाय. वरचा डबा तुमचा खराब झालाय. गरम बी लई होतोय.”

गरम होतोय हे खरं होतं. मे महिन्यात आमच्या माडीवर स्लॅबखाली चाळीसच्या वर तापमान असतं, आणि माझ्या ॲक्सेस पॉइंटच्या खोक्यावर चालण्याची मर्यादा ० ते ४० अंश अशी छापलेली आहे. घरगुती राउटरांची मर्यादा बहुधा इतकीच असते. हे आपल्या गावात सगळ्यांनी लक्षात ठेवावं. त्याच दुपारी मी तो माळ्यावरून काढून भिंतीवर, खिडकीच्या उन्हापासून लांब, हात पोचेल अशा उंचीवर लावला. डबा थंड झाला, पण नेट तसंच तुटत राहिलं.

नव्या डब्यासाठी दीड-दोन हजार मोडायची तयारी मी जवळजवळ केलीच होती. पण १० तारखेला कामाचा रेटा आला म्हणून मी लॅपटॉप घेऊन खाली बसले. कंपनीच्या डब्याला लॅनची दोनच भोकं आहेत, एकात टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. म्हणून माडीची केबल काढून माझी लावली. संध्याकाळपर्यंत एकदाही तुटलं नाही, आणि सासऱ्यांचा कॉलही अर्धा तास न अडकता चालला. ११ला सगळी रिटर्न्स गेली. तेव्हा डोक्यात आलं की खालचं वायफायसुद्धा सुधारलं ते माडीची केबल काढल्यावरच. म्हणजे वरचा डबा नुसता स्वतः बंद पडत नव्हता, खालीही काहीतरी बिघडवत होता. आणि कंपनीच्या मुलानं तपासणीसाठी नेमकी तीच केबल काढली होती, म्हणून त्याला दोष दिसलाच नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यासमोर खरंच सगळं ठीक होतं.

१२ तारखेला मी एक-एक टप्पा वेगळा करून तपासला. तुम्हीही असंच करा, कारण याशिवाय ‘कुणाकडं दोष’ हे कधी ठरत नाही. पहिला टप्पा कंपनीच्या डब्याला थेट केबल. तो आदल्या दोन दिवसांत तपासून झालाच होता. दुसरा टप्पा: केबल परत डब्याला लावायची, पण माडीवरचं टोक ॲक्सेस पॉइंटमध्ये न लावता थेट लॅपटॉपमध्ये. नेट स्थिर, पण वेग नव्वदच्या वर जाईना. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग १००० ऐवजी १०० दिसत होता. याचा अर्थ केबलच्या आठ तारांपैकी काही जुळत नव्हत्या. १००ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. हा दोष खरा होता, पण नेट तुटण्याचं कारण तो नव्हता, म्हणून वहीत लिहून पुढं गेले. दोन दोष एकत्र असले की एकाचा माग काढताना दुसरा फसवतो.

तिसरा टप्पा ॲक्सेस पॉइंट जोडून. लगेच त्रास सुरू. मग मी ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला. नव्या डब्याच्या बुडाला चिकटपट्टीवर १९२.१६८.०.१ असं छापलेलं होतं. माडीवर बसून तो टाकला तर माझ्याच ॲक्सेस पॉइंटचं लॉगिन पान उघडलं! खाली येऊन तोच पत्ता टाकला तर कंपनीचं पान. खात्रीसाठी लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडून ‘एआरपी -ए’ (arp -a) टाकलं. त्यात प्रत्येक पत्त्यासमोर त्या यंत्राचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कारखान्यातच दिलेला ओळख क्रमांक, दिसतो. १९२.१६८.०.१ समोरचा मॅक हा माझ्या ॲक्सेस पॉइंटच्या बुडाशी छापलेल्या आकड्याशी अक्षरन् अक्षर जुळला. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं तर तिथं कंपनीच्या डब्याचा मॅक होता.

कंपनीचा जुना डबा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर होता आणि माझा ॲक्सेस पॉइंट कारखान्यातून आलेल्या १९२.१६८.०.१ वर. मालिका वेगळ्या, म्हणून भांडण नव्हतं. नवा डबा दुसऱ्या बनावटीचा आला आणि त्यानं नेमका माझ्या डब्याचाच पत्ता घेतला. बाहेर जायचा रस्ता विचारायला लॅपटॉप घरातल्या नेटवर्कवर हाक मारतो, “०.१ कोण?” आणि दोघंही “मी” म्हणतात. कंपनीच्या डब्याचं उत्तर पकडलं तर नेट चालतं. माझ्या डब्याचं पकडलं तर तिथून पुढं रस्ताच नाही. खाली कंपनीचा डबा जवळ म्हणून तिथं त्रास कमी, वर जास्त. एका गल्लीत एकाच घर नंबरची दोन घरं असल्यावर टपालाचं जे होईल तेच. हे कळलं तेव्हा इतका हायसं वाटणारा श्वास सुटला की मी तिथंच पायरीवर बसून राहिले. डबा खराब नव्हता, लाईन खराब नव्हती, कुणाचं यंत्र बदलायचंही नव्हतं.

दुरुस्ती करताना ॲक्सेस पॉइंट आधी घरच्या नेटवर्कमधून पूर्ण सोडवला आणि फक्त लॅपटॉपला केबलनं जोडला. लॅपटॉपचं वायफाय बंद. त्याचा डीएचसीपी बंद असल्यानं लॅपटॉपला पत्ता मिळत नाही, १६९.२५४ नं सुरू होणारा काहीतरी दिसतो. घाबरू नका, ‘पत्ता देणारं कुणी सापडलं नाही’ एवढाच त्याचा अर्थ. लॅपटॉपला हातानं १९२.१६८.०.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क दिला की पान उघडतं. पासवर्ड त्या मुलानं तेव्हा डब्याच्या पाठीवर लिहून ठेवला होता, त्याचे उपकार. पासवर्ड नसेल तर रिसेटचं बारीक बटण दहा-पंधरा सेकंद दाबावं लागतं, पण मग डीएचसीपी पुन्हा चालू होतो. तो बंद केल्याशिवाय केबल घरच्या नेटवर्कला लावू नका, नाहीतर दोन डबे पत्ते वाटू लागतील.

आता ॲक्सेस पॉइंटला नवा पत्ता कोणता द्यायचा? कंपनीचा डबा ज्या टप्प्यातले पत्ते मोबाईल-लॅपटॉपना वाटतो, त्याच्या बाहेरचा हवा. आमच्या डब्याच्या पानावर तो टप्पा २ ते २५४ असा होता, म्हणजे बाहेर काही उरलंच नव्हतं. ग्राहकाच्या लॉगिननं तो बदलता येत नाही. हे डबे कंपनी दुरून सांभाळते आणि बऱ्याच सेटिंगना कुलूप असतं. म्हणून पुन्हा कस्टमर केअर. या वेळी वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं: “माझ्या ओएनटीचा डीएचसीपी पूल १० ते २०० करून द्या, मला एका उपकरणाला स्थिर पत्ता द्यायचा आहे.” ओएनटी म्हणजे कंपनीचा फायबरचा डबा, आणि पूल म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा तो टप्पा. पहिल्या मुलाला ते समजलं नाही, त्यानं तांत्रिक विभागाकडं पाठवलं. बराच वेळ संगीत ऐकल्यावर आलेल्या ताईंनी मात्र एका मिनिटात ओळखलं, दुरूनच बदल केला आणि डबा पुन्हा सुरू करायला सांगितलं. नेमकं काय हवंय ते त्यांच्या भाषेत सांगता आलं की पलीकडचा माणूसही मोकळा होतो. ॲक्सेस पॉइंटला १९२.१६८.०.२५० दिला, केबल लॅन पोर्टमध्ये लावली आणि तो आकडा डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. १४ मेची दुपार होती. काळ्या खिडकीत पिंग (जोडणी चालू आहे का हे सतत विचारत राहणारी कमांड) लावून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत एकही ओळ चुकली नाही.

राहिला केबलचा दोष. नवी पेठेतल्या दुकानदारानं माडीवरचं टोक बघूनच सांगितलं की प्लग उन्हानं कडक होऊन तडकलाय. आधी दोन्ही टोकांना नवे आरजे-४५ प्लग मारून बघू, नाही जमलं तर कॅट-६ केबल नवी ओढू, असं तो म्हणाला. प्लगवरच भागलं. घरी येऊन दोन्ही टोकं मारून दिली, २०० रुपये घेतले. रंगांचा क्रम त्यानं मला वहीत लिहून दिला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. आता माडीवर केबलनं १९०च्या आसपास येतात.

वायफायचं नाव आणि पासवर्ड खाली-वर एकच ठेवलंय, म्हणजे मोबाईल आपोआप जवळचा डबा धरतो. २.४साठी खाली चॅनेल १ आणि वर ११ ठरवून दिला, कारण १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत. आणि लाईट जाऊन आली की आधी कंपनीचा डबा पूर्ण सुरू होऊ देते, मग वरचा लावते.

एक गोष्ट मात्र उरली होती. मेच्या बिलात ‘ग्राहकाच्या उपकरणाची तपासणी’ म्हणून ३०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, मिळून ३५४ रुपये लावले होते. भेटीआधी कुणी तसं सांगितलं नव्हतं. तक्रार केली, ‘आकारणी योग्य आहे’ असा एसएमएस आला. अशा वेळी बरेच जण ट्रायकडं, म्हणजे दूरसंचार नियामकाकडं, लिहितात, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. २०१२च्या नियमांप्रमाणं कंपनीकडंच दुसरी पायरी असते, अपील प्राधिकरण. त्याचा ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, फी लागत नाही, पहिल्या तक्रारीचा डॉकेट नंबर द्यावा लागतो, आणि निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. मी अर्ध्या पानाचा ईमेल लिहिला. सोबत २८ एप्रिलच्या बदलीच्या कागदाचा फोटो, दोन्ही डब्यांच्या चिकटपट्ट्या, आणि एकाच पत्त्यासमोर दोन वेगळे मॅक दाखवणारे स्क्रीनशॉट जोडले. रागाचा एकही शब्द घातला नाही. डबा बदलल्यानंतर पत्त्यांचा संघर्ष सुरू झाला, भेटीत तो तपासला गेला नाही, आणि शुल्काची पूर्वसूचना नव्हती, एवढंच क्रमानं मांडलं.

काही दिवसांनी त्यांच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. त्यांनी कागद वाचले होते, हे बोलण्यावरून कळलं. ॲक्सेस पॉइंट कधीपासून आहे, जुन्या डब्याचा पत्ता काय होता, एवढं विचारून घेतलं. जूनच्या बिलात ३५४ रुपये वजा होऊन आले.